भुकेपुरतं डिझेल

हॉस्पिटलच्या चढावर गाडी अर्ध्यात आली आणि मागच्या सीटवर टेलिफोनवाल्या काकूंना कोरडे उमासे यायला लागले. ड्रायव्हरबाईने आरशात पाहिलं, तर मागचा रस्ताच दिसत नव्हता. नुसता काळा धूर होता आणि त्यात एका मोटारसायकलचा दिवा. तिने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि काकूंची पाठ धरली. धूर उघड्या दारातून आत शिरला. कच्च्या डिझेलचा तो चिकट वास जिभेवर बसला.

व्हॅन तिची स्वतःची. डायलिसिसच्या पेशंटांना घरून न्यायचं आणि परत सोडायचं, हे तिचं काम. आजारी माणसाला वास आधी कळतो, म्हणून सीटची कव्हरं ती घरच्या चादरींपेक्षा जास्त वेळा धुवायची. काकू तिच्या सगळ्यात जुन्या पेशंट. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. अजूनही त्या नुसतं "आले हं" म्हणाल्या, तरी त्या आवाजाने गाडीतली माणसं नीट बसायची.

पेशंटांना मशीनवर सोडून ती तशीच घरी आली. दीर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसला होता. मोबाइलच्या दुकानातली नोकरी गेल्यापासून तो व्हिडिओ बघून बघून गाड्यांच्या इंजिनांचा कॉम्प्युटर ट्यून करायला शिकत होता. टेबलभर तारा आणि ग्रीसचे ठसे पडलेले. चहात बुडून तुटलेलं बिस्किट तो काळ्या बोटाने उपसून खात होता. तिने धुराचं सांगितलं, तर त्याचा चेहरा उजळला.

"वहिनी, चढावर पॉवर कळली का?"

मग सगळं बाहेर आलं. आदल्या दुपारी ती जरा पडली असताना त्याने स्टिअरिंगखाली केबल लावली होती आणि कुठल्याशा परक्या माणसाने इंटरनेटवर टाकलेली फाइल तिच्या व्हॅनच्या कॉम्प्युटरात भरली होती. मूळची परत घाला, असं ती म्हणाली. मूळची आधी काढून ठेवायची असते, हे त्याला नंतरच्या व्हिडिओत समजलं होतं.

नवऱ्याचं म्हणणं, तो शिकतोय, शिकताना चुका व्हायच्याच. शिकायला माझीच गाडी बरी सापडली, असं ती म्हणाली, त्यावर नवरा टीव्हीचा आवाज वाढवून बसला. भावाचा विषय निघाला की त्याला नेमकं ऐकू यायचं नाही. वर्कशॉपवाल्यांनी तर सरळ हात वर केले. छेडछाड केलेला कॉम्प्युटर ते दुरुस्त करत नव्हते. नवा मागवावा लागेल आणि तो कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणाले.

दोन दिवसांनी काकूंच्या मुलीचा फोन आला. उद्यापासून आईला घ्यायला येऊ नका, एवढं सांगून तिने विचारलं, आईचा तो व्हिडिओ काढणारा माणूस तुमच्या घरातलाच ना?

चढावर मागे दिवा होता तो दिराच्याच मोटारसायकलचा. व्हिडिओत आधी धुराचा लोट, त्यावर धडधडणारं गाणं. मग थांबलेली व्हॅन, उघडं दार आणि त्यात वाकलेल्या काकू, हनुवटीवरून लाळेची तार लोंबलेली. खाली दिराने लिहिलं होतं, 'आजीबाईंनाही किक बसली.' त्याखाली शेकडो लोक हसत होते.

तिने व्हिडिओ काढून टाकायला लावला, तसा त्याने तो काढून टाकला. तोवर चार जणांनी उचलून तो आपापल्या नावावर लावला होता.

"तोंड काही नीट दिसत नाही, वहिनी," तो म्हणाला आणि दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढू लागला.

तिला त्याची शिसारी आली. या घरात आल्यापासून ती त्याला रोज वाढत आली होती, गरम असतानाच, आधी त्यालाच. त्या रात्री तिने भांडी टेबलावर ठेवली आणि घ्या आपापलं, असं म्हणून ती आत निघून गेली.

व्हॅन तशीच उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. ओळखीच्या एकाची गाडी मागून तिने पेशंट सांभाळले, आणि पेशंट मशीनवर असताना मोकळ्या दुपारी दिराचा लॅपटॉप घेऊन ती शिकायला बसली. हौस म्हणून नाही, घाण दुसऱ्याने केली तरी आपल्या दारातली आपल्यालाच काढावी लागते म्हणून. आकड्यांचे रंगीत तक्ते, एकाखाली एक. पहिल्या खेपेला तिने एक आकडा बदलला आणि व्हॅन सुरूच होईना. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांची मिळून एक बेरीज जुळवावी लागते, ती तिने जुळवलीच नव्हती. पुढच्या खेपेला सुरू झाली, पण लंगडत चालली. बॅटरीला चार्जर लावून फाइल पुन्हा भरायची, रिकामी गाडी चढावर न्यायची, परत आणायची, धुराच्या नळीच्या तोंडात बोट फिरवून काजळी बघायची. बोटांचा तो वास साबणाने जाईना. ती चमच्याने जेवायला लागली.

शेवटी एक तक्ता तिच्या ध्यानात आला. इंजिनाने किती हवा घेतली की जास्तीत जास्त किती डिझेल द्यायचं, तेवढंच त्यात होतं. त्या परक्या माणसाने तक्त्याच्या सगळ्या घरांत एकच मोठा आकडा ठोकून दिला होता. म्हणजे भूक न बघता वाढत सुटायचं. मग ओकारी येणारच. तिने प्रत्येक घरात हवा बघून डिझेल कमी केलं, पुन्हा पुन्हा, जवळजवळ महिनाभर.

त्याच सुमारास दिराकडे गिऱ्हाइकं येऊ लागली. एक जीपवाला तर व्हिडिओतल्यासारखाच धूर हवा म्हणून अडून बसला. दिराला ते जमेना. तो आत आला.

"वहिनी, तुम्ही कमी केलं ना, तेच उलटं करून द्या. तो तक्ता तुम्हाला कळतो."

"कळतो," ती म्हणाली. "म्हणूनच नाही देणार."

त्याने खांदे उडवले. आठवड्याभरात त्याला ते कुठूनतरी मिळालंच. जीप गल्लीतून गेली आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके बसले. नवरा म्हणाला, चला, हाताला काम तर लागलं. तिने कपडे पुन्हा भिजवले.

दुसऱ्या दिवशी पेशंटांना सोडल्यावर ती काकूंकडे गेली. मुलगी कामावर गेली होती. गाडी आता स्वच्छ चालते, चढावर धूर येत नाही, तुम्ही एकदा बसून बघा, असं तिने सांगितलं. माफीसुद्धा मागितली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तू नीट केलीच असशील. वासाचं काय, वास विसरला असता ग," त्या म्हणाल्या. "उभा जन्म लोकांना माझा नुसता आवाज माहीत होता. फोनवरून माणसं म्हणायची, बाई, किती छान बोलता. आता ज्याला त्याला ते तोंड माहीत झालंय. तुझी गाडी दारात आली की मला तेच दिसणार."

ड्रायव्हरबाई उठली, तर काकूंनी तिला हाताने बसवलं.

"चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

काकू भिंतीचा आधार घेत आत गेल्या. ड्रायव्हरबाईच्या नखांत काजळी होती. तिने मुठी मिटून मांडीवर ठेवल्या. काकूंनी चहा आणला, एकच कप, बशीसकट. त्यांना दिवसाचं पाणी घोटाघोटाने मोजून प्यावं लागायचं. कप तिच्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या आणि ती पिईपर्यंत, फोनवर बोलावं तशा स्वच्छ आवाजात, तिच्या इतर पेशंटांची एकेकाची चौकशी करत राहिल्या.