प्रलंबित नोंदी: निरंक

नवी प्रणाली सुरू झाली त्या दिवसापासून, ज्याची नोंद नाही ते शिंपणबेटावर राहीनासं झालं. पहिल्या दिवशी कुत्री गेली. कुत्र्यांची नोंद ठेवावी हे कुणाच्या डोक्यात येणार? दुसऱ्या दिवशी घरांच्या वाढीव पडव्या गेल्या. एक म्हातारा पडवीत सुपारी कातरत बसला होता, तो अडकित्त्यासकट अंगणात आला. लोकांनी दिवसभर आरडाओरडा केला आणि मग आपापले कागद काढून वाचायला बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

वैजयंती कुबल ही बेटाच्या नगरपरिषदेत माहिती तंत्रज्ञान विभागाची प्रमुख. विभाग म्हणजे ती स्वतः, निवृत्तीला आलेला ऑपरेटर बाबल मेथर, तीन संगणक आणि खारं वारं लागू नये म्हणून काचेच्या खोलीत ठेवलेला सर्व्हर. दोन वर्षं खपून तिने वाळवी लागलेल्या सगळ्या वह्या त्या सर्व्हरमध्ये चढवल्या होत्या. "अंदाजे" हा शब्द तिला चालत नसे. कुणी घराची लांबी अंदाजे लिहून आणली, की ती त्याला टेप देऊन परत पाठवायची. लोक तिला मागे टेपबाई म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि खरं म्हणजे आवडतही होतं.

तिसऱ्या दिवशी बाबल कामावर आला तो घागर घेऊनच.

"मॅडम, आमच्या परसातली बाव दिसणा नाय."

"काल होती?"

"काल पाणी काढलंय."

वैजयंतीने नोंद उघडली. घर होतं, परस होतं, माड सात होते, विहीर नव्हती.

"माड आसत मां सात?" तिने विचारलं.

"आधी नऊ होते. आता सातच आसत," बाबल म्हणाला आणि घागर टेबलाखाली ठेवून कामाला बसला.

अशा गोष्टी रोज होत गेल्या. रोज संध्याकाळी साडेपाचला प्रणाली दिवसाचा ताळमेळ घेई, आणि जे जुळायचं नाही ते जाई. कार्यालयाच्या मंजूर नकाशात बोळ चुकून अर्ध्या फुटाचा दाखवलेला होता, बांधताना कुणीतरी उदार होऊन पाच फूट बांधला होता. आता तो रोज थोडा थोडा आवळत चालला होता. मागचं दार नकाशात नव्हतंच, त्यामुळे ते सहाव्या दिवशी गेलं आणि तिथे जुन्या रंगाची सलग भिंत आली. नवव्या दिवशी जेटी गेली, कारण ती बांधून तीन वर्षं झाली तरी नगरपरिषदेच्या ताब्यात आलेली नव्हती. होड्यांची नोंद पलीकडे किनाऱ्यावरच्या कचेरीत असायची, म्हणून होड्याही गेल्या. पलीकडचा किनारा रोजच्यासारखा दिसायचा. तिथे जायची सोय मात्र उरली नाही.

वैजयंतीला या सगळ्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिच्या मनात एक हट्टी समाधानही होतं. लोकांनी वेळेवर नोंदी दिल्या असत्या तर काहीच गेलं नसतं. ती रोज खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसांना हेच सांगे, आणि ती माणसं मान डोलवत.

अकराव्या दिवशी, दुपारी सव्वाचारला, तिची लेक केतकी कार्यालयात आली. बोळातून तिला आडवं होऊन यावं लागलं. केतकीचा नवरा मालवाहू जहाजावर, आखातात, त्यामुळे ती बाळंतपणाला आईकडे होती. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली सात आठवड्यांची पोर होती.

"आई, ही रडता, पण आवाज येणा नाय."

पोरीचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या. कार्यालयात फक्त पंख्याचा आवाज होता.

"कधीपासून?"

"सकाळी आरशात दिसली नाय, तेव्हा माका वाटला, उजेड कमी आसात. दुपारी आवाज गेलो. आता हय बघ." केतकीने फडकं बाजूला केलं. पोरीच्या पावलांतून केतकीच्या कुर्त्यावरची पिवळी नक्षी दिसत होती. गुडघ्यांपासून वर पोर अजून दाट होती.

वैजयंतीने फडकं परत घट्ट गुंडाळलं. काय झालंय ते तिला विचारावं लागलं नाही.

शिंपणबेटावर मूल जन्मलं की ते लगेच कागदावर घालत नाहीत. तिसऱ्या पुनवेच्या भरतीला त्याचे पाय पाण्याला लावायचे, मग नाव ठेवायचं आणि मगच लिहायचं. तोवर ते मूल घरी आलेलं पावणं. आधी लिहिलं तर दर्याला कळतं, असं म्हणतात. बेटावरची नर्सदेखील बेटावरचीच, तीही तोवर वहीला हात लावत नाही. वैजयंती संगणक शिकलेली बाई, पण तिच्या आईने हेच केलं होतं, आजीने हेच केलं होतं, आणि एकुलत्या नातीच्या बाबतीत शहाणपणा करायची तिला भीती वाटली. अजून पंधरा दिवस बाकी होते.

आणि प्रणाली सुरू करायच्या आदल्या दिवशी तिने स्वतः एक प्रमाणपत्र लिहून सही केली होती. त्यात एक रकाना होता, "प्रलंबित नोंदी". सरकारी कागदावर असा रकाना आला की हात आपोआप "निरंक" लिहितो. तिनेही लिहिलं. घरी पाळण्यात पोर झोपलेली असताना लिहिलं.

"मगे आता घाल," केतकी म्हणाली. "दर्याक कळला तर कळांदे. घाल तू आधी."

बाबलने तोवर जन्माचा फॉर्म उघडला होता. तो दोन बोटांनी टाईप करी, पण चुकत नसे. त्याने सात आठवड्यांपूर्वीची तारीख घातली. फॉर्म लाल झाला. पुन्हा घातली, पुन्हा लाल.

"मागची तारीख घेणा नाय, मॅडम. थंय निरंक आसा."

चार चाळीस झाले होते. वैजयंती मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. नाईकनवरे साहेबांकडे दोन नगरपरिषदांचा कार्यभार होता, त्यामुळे गेले आठ दिवस ते इथे कंबरेच्या वर तेवढे असायचे. ते खुर्चीत नीट ठेवलेले होते आणि फायलीवर सह्या करत होते.

"साहेब, एक जुनी नोंद उघडायची आहे. मागच्या तारखेची."

"प्रलंबित काही नाही असं तुमचंच प्रमाणपत्र आहे, कुबल मॅडम."

"हो साहेब. माझी चूक झाली."

"चूक झाली तर कुठला फॉर्म भरायचा?"

"तसा फॉर्म नाही. मी ठेवला नाही."

"मग चूक झालेली नाही," साहेब म्हणाले. ते चिडून बोलत नव्हते, उलट तिची बाजू घेतल्यासारखे बोलत होते. "आपला ताळमेळ दहा दिवस शंभर टक्के आहे. तुमच्यामुळे. मी वर कळवलंय तसं."

"साहेब, माझी नात आहे हो."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजच्या तारखेला नोंद चालू आहे ना? मग आजची तारीख घ्या. त्याला माझी मान्यतासुद्धा लागत नाही."

ती बोळातून परत आली तेव्हा आडवं होऊनही पाठ आणि पोट भिंतींना घासलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. केतकी बाकावर बसून पोरीला घट्ट धरून होती, आणि पोर छातीपर्यंत विरळ झाली होती. तिच्या पोटाच्या जागी केतकीचा हात दिसत होता, हाताची पाचही बोटं, अंगठीसकट.

"माका ती हाताक लागता अजून," केतकी म्हणाली. "दिसणा नाय, पण लागता. आई, बेगीन कर गो."

"आजची तारीख घाल," वैजयंतीने बाबलला सांगितलं.

बाबलचे हात तसेच राहिले. "आजची घातलास तर ती आज जन्मतली, मॅडम."

"मला कळतंय."

"सात आठवडे जातले."

"सात आठवडेच ना? जाऊंदेत. पुन्हा दूध पाजू, पुन्हा जागू. ऊठ, मी बसतंय."

हे ती ठामपणे म्हणाली आणि तिला ते पटलंही होतं. पोर पुन्हा एवढीशी होईल, मुठी मिटून झोपेल, तिच्या कानावरची जन्माची लव पुन्हा येईल, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर आलं. पुढचं आलं नाही. बाबल उठला आणि ती त्याच्या गरम खुर्चीत बसली.

आईचं नाव, वडिलांचं नाव. लिंग. मुलाचं नाव हा रकाना रिकामा चालत होता, तो तिने रिकामा सोडला. जन्मस्थळाला तिने कार्यालयाचा प्रभाग घातला, कारण पोर या घटकेला तिथे होती आणि तिला नोंदीत खोटं नको होतं. वेळ. घड्याळात पाच सतरा झाले होते. भरून होईपर्यंत पुढे जाईल म्हणून तिने पाच पंचवीस घातली, सगळेच कारकून घालतात तशी.

मग जन्मवजन. हा रकाना रिकामा चालत नव्हता.

"वजन किती?" बाबलने मागून विचारलं.

वैजयंतीला आकडा पाठ होता. सोमवारीच नर्सने पोरीला काट्यावर घातलं होतं आणि वैजयंतीने स्वतः वाकून वाचलं होतं. पाच किलो शंभर ग्रॅम. घरी येऊन सगळ्यांना सांगितलंही होतं, पोर कशी भरली बघा. तिने पाच लिहिलं, टिंब दिलं, एक लिहिलं. जन्मली तेव्हा तिला काट्यावर घातलं नव्हतं; ते वजन अंदाजे सांगता आलं असतं, पण अंदाजे लिहायची तिच्या बोटांना सवयच नव्हती.

तिने बटण दाबलं.

फॉर्म हिरवा झाला. वर कोपऱ्यात बेटाची लोकसंख्या एकाने वाढली. बाबलने सुटकेचा श्वास सोडला आणि वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने लगेच मागे वळून बघितलं, कारण तिला रडण्याचा आवाज ऐकायचा होता.

केतकीच्या हातात नुसतं फडकं होतं.

ती ते उलगडून बघत होती, आतून, बाहेरून. मग ते तिच्या हातातून पडलं आणि तिने दोन्ही हात पोटाखाली धरले. पिवळ्या नक्षीचा कुर्ता तिच्या पोटावर ताणत चालला होता. शिवण उसवल्याचा आवाज झाला.

"आई," ती म्हणाली. "आई, काय घातलंस तू?"

वैजयंतीने पडद्याकडे बघितलं. नोंद बंद झाली होती. खाली बारीक अक्षरात तिनेच दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य होतं, की दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर करता येईल. त्याच्या वर पाच पूर्णांक एक. सात आठवड्यांपूर्वी नर्सने हातावर तोलून या पोरीला अंदाजे अडीच किलोची म्हटलं होतं. तेवढ्यासाठी केतकी दोन दिवस आणि एक रात्र किंचाळली होती, आणि शेवटी पलीकडून डॉक्टरला होडीने आणावं लागलं होतं.

"होडी," ती म्हणाली आणि तिला आठवलं, होड्या नवव्या दिवशीच गेल्या.

केतकी बाकावरून सरकत फरशीवर आली होती. तिच्या पाठीमागे बोळ आता एका माणसाला आडवं होऊनही जाता येणार नाही एवढा होता. साहेबांच्या खोलीतून सही केल्याचा खरखर आवाज येत होता. बाबलने काही न विचारता टेबलाखालची घागर बाहेर काढली आणि तिच्यात किती पाणी आहे ते बघितलं.

"आई, हिका थांबव," केतकी ओरडली. "थोडा थांबव तिका!"

पाच तेवीस झाले होते. वैजयंती खुर्चीतून उठली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, लेकीच्या गुडघ्यांसमोर फरशीवर बसली आणि दोन्ही हात पुढे केले.