दोन गुण

"बाई, अडतीस म्हणजे नापासच का हो?"

एनेसनं विचारलं तेव्हा बॉल तिच्या काखेत होता आणि पायांना मैदानाची लाल माती. गणितात चाळिसाच्या खाली गेलेल्या मुलीला नेटबॉलच्या संघात जागा नाही, हा नियम झियोनेबाईंनीच लावला होता. मुली खेळापायी पुस्तकं विसरतात, अशी डेड्झा गावातल्या आयांची तक्रार होती. पण एनेस विसरणाऱ्यांतली नव्हती. मैदानाच्या कडेला बसून ती काडीनं मातीत गणितं सोडवायची. नंबर आला की उठायची, बॉल रिंगेत टाकायची आणि परत येऊन उरलेली पायरी लिहायची.

बाईंनी पेपर पुन्हा उघडला. सातव्या गणिताची रीत बरोबर होती, उत्तर चुकलं होतं. त्यांनी लाल पेनानं दोन गुण वाढवले.

"फुकटचे नाहीत हं हे. सोमवारी हेच गणित मला फळ्यावर करून दाखवायचं."

"दाखवते की! जिंकून येते नि दाखवते."

शनिवारी संघ सामन्याला न्चेउ गावी गेला आणि जिंकला. परतताना वळणावर लॉरी कलंडली. बाकीच्यांचे हातपाय मोडले. एनेस तेवढी गेली.

मातीहून परतल्यावर एनेसची आई चटईवर बाईंना खेटून बसली.

"बाई, तिचा बाप म्हणायचा, हा बॉल पोरीची पुस्तकं खाणार. मी म्हणायचे, माझी एनेस दोन्ही सांभाळील. खरं सांगा, पास झाली होती ना ती?"

बाई चटईकडे बघत म्हणाल्या, "झाली होती."

"ऐकलंत का गं?" आई जमलेल्या बायकांकडे वळली. तेवढ्यापुरता तिचा चेहरा उजळला. "पास झाली होती माझी पोर!"

बाईंना तिथं बसवेना.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी कुणाला अर्धा गुण सोडला नाही. दगडाला पाझर फुटेल, पण झियोनेबाईंच्या पेनाला नाही, असं मुली म्हणत. दुपारी एकट्या पेपर तपासत असल्या की भिंतीवर बॉल आपटल्याचा आवाज येई. त्या उठून खिडकी उघडत. मैदान रिकामं असे. त्यांच्या प्रश्नपत्रिकेत आताशा सहाच गणितं असत. का, ते कुणी विचारलं नाही.

यंदा तियांजानेला एकोणचाळीस पडले. संघातली सगळ्यात उंच पोरगी. हेडमास्तर स्वतः बाईंच्या टेबलाशी आले.

"बाई, एका गुणापायी पोरीला फासावर चढवता का?"

"नाही देणार मी, सर."

तियांजाने दारातच उभी होती. "माझ्यावर एवढा कसला राग आहे बाई तुमचा? रोज घरचं पाणी भरून, सराव करून अभ्यासाला बसते मी."

"राग नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढचा पेपर ओढून घेतला.

शनिवारी संघ तिच्याविना गेला. दर वर्षीसारख्या बाई दुपारपासूनच रस्त्याच्या कडेला पाइनच्या झाडांखाली येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं तियांजानेही आली. तिचे डोळे सुजले होते.

"हरल्या म्हणे. एका गोलानं. मी गाडीत असते तर..."

"गप्प बस!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की पोरगी दचकून मागं सरली.

डोंगरावरून धुकं उतरायला लागलं. बऱ्याच वेळानं गाडी दिसली, हळूहळू येऊन थांबली. मुली एकेक करून खाली उतरल्या. कुणी लंगडत होती, कुणी भांडत होती, कुणी भुकेनं कावली होती. बाई ओठातल्या ओठात मोजत होत्या. नऊ झाल्या. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नऊच. दर वर्षी दहा जातात. ड्रायव्हरनं गाडीचं दार लावून घेतलं, तरी बाई त्या बंद दाराकडे बघत राहिल्या.

"बाई," शेजारून तियांजाने हळूच म्हणाली, "माझा हात सोडा ना. दुखतोय."