सेन्तेवाचं बारसं

पोर जन्मून नऊ दिवस झाले, तरी सासू सुनेशी सरळ एक शब्द बोलली नव्हती. बोलायची ती चुलीशी, पाट्याशी, अंगणातल्या टर्कीशी. मार्सियाना कुडाच्या आत चटईवर लेकीला कुशीत घेऊन पडलेली असायची. कूड बांबूचा, फटीफटींचा. बाहेरचं सगळं आत ऐकू यायचं, आणि ते ऐकू जावं म्हणूनच बोललं जायचं.

"तू बरी गं बाई," सासू नातिविदाद टर्कीपुढे मक्याचे दाणे टाकत म्हणत होती. "वर्षाला डझनभर पिल्लं काढतेस आणि मिजास नाही करत. आमच्याकडची एकीवर दुकान बंद करून बसलीय."

टर्की बिचारी दाणे वेचत राहिली.

भांडण नावाचं होतं. पोर सोळा ऑक्टोबरला जन्मली. त्या दिवशी कॅलेंडरात संत एदुविखेस, तेव्हा पोर एदुविखेस. त्या कॉफीच्या डोंगरावर नावं अशीच पडत आली होती. नातिविदाद स्वतः तशीच नातिविदाद झाली, तिचा लेक माकारिओ तसाच माकारिओ. भिंतीकडे बघायचं आणि मोकळं व्हायचं. आणि तिसऱ्या दिवशी वाफेच्या न्हाणीतून भिजल्या केसांनी बाहेर आलेली सून म्हणाली, पोरीचं नाव सेन्तेवा.

सेन्तेवा म्हणजे एकुलती एक. नाव मार्सियानाच्या माहेरचं, खिंडीपलीकडच्या गावातलं. तिच्या पणजीचं ते नाव होतं आणि पणजीबरोबरच ते मातीत गेलं. पणजी मका वाटताना सांगायची, पाद्री आपली पुस्तकं घेऊन डोंगर चढले त्याआधी हे नाव घरोघरी होतं. झऱ्यावर उभं राहून सेन्तेवा अशी हाक दिली की चार दारांतून चौघी बाहेर यायच्या. चौघीही एकुलत्या एक. मग पणजी बोळक्यानं हसायची आणि पाट्याच्या तालावर दोन ओळी म्हणायची:

एकली गं एकली, डोंगराची चांदणी
मागं ना पुढं कुणी, आईच्या गं अंगणी

माकारिओ खाली तालुक्याच्या गावी जाऊन चौकशी करून आला होता. जन्मनोंदणीचा कारकून आधी हसला, मग त्यानं वही उलटीपालटी केली, मग मशीनमध्ये शोधलं. सेन्तेवा नावाची एकसुद्धा सापडली नाही. यंदा किम्बर्ली नऊ झाल्यात म्हणाला, त्यातलं एक घे, माणसांचं नाव ठेव. माकारिओनं हे घरी येऊन सांगितलं आणि आईच्या हाती आयतं कोलीत दिलं. सरकारी माणूससुद्धा हसला, हे नातिविदाद त्या दिवसापासून चुलीला रोज ऐकवत होती.

पण तिचा खरा राग नाव जुनं म्हणून नव्हता. तिला नातू हवा होता. एकुलती एक म्हणजे पुढं कुणी नको. सून नावाच्या आडून कूस मिटवून घेतेय, असं तिचं म्हणणं. आणि मागचे तिघे? मार्सियानाचे तिघे जन्मले आणि बाराव्या दिवसाच्या आत गेले, म्हणून बिननावाचेच मागच्या केळीखाली पुरले गेले. ऑक्टोबर सरताना लहानग्या मेलेल्यांसाठी घरोघरी झेंडूची कमान बांधून मेणबत्त्या लावतात, नावं घेऊन त्यांना बोलावतात. मार्सियाना तीन मेणबत्त्या लावायची आणि गप्प बसायची. बोलावणार काय म्हणून?

"तीन केळीखाली झोपलेत," सासू पाट्याला सांगायची, "आणि ही म्हणे एकुलती. ते येऊन विचारतील हो, आम्ही कोण होतो म्हणून."

हे लागायचं. कारण ते खोटं नव्हतं.

खरी गोष्ट दोघींनाच ठाऊक होती. वाफेच्या न्हाणीत, काळोखात, पाल्याच्या जुडीनं पाठ शेकता शेकता सुईण रुतिलानं मार्सियानाच्या पोटावर हात फिरवला होता. खूप वेळ फिरवला, आणि मग हलकेच म्हणाली होती, "पोरी, ही एकच. आता मागू नकोस." मार्सियाना हे माकारिओलाही बोलली नव्हती. कळलं तर सासू दुसरी बाई आणील, हे ती जाणून होती. डोंगरावर तशी घरं होती. तरी नाव तिनं तेच धरलं. कारण ज्या सकाळी पोर जन्मली त्या सकाळी सासू तिच्याकडे बघून म्हणाली होती, चला, वाट मोकळी झाली, आता मुलगा येईल. म्हणजे पोर पोर नव्हतीच. पायरी होती, पाय ठेवून वर चढायची. मार्सियानाला लेकीच्या अंगावर असं नाव हवं होतं की त्याच्यावर कुणाला पाय ठेवता येणार नाही.

बाराव्या दिवशी न्हाणं. सुईण पोरीला आंघोळ घालते आणि चटईवर ठेवते. तिथून उचलते ती धर्माची आई. ती ठरलेली असते आणि नाव तीच घरात आणते. उचललं की ती घरची कोमाद्रे झाली. कोमाद्रेशी वाकडं बोलायचं नाही, तिला दार लावायचं नाही, ती केव्हाही येऊन आपल्या पोरीची विचारपूस करू शकते, मरेपर्यंत. नातिविदादला हे चांगलं माहीत होतं. म्हणून तिनं भांडण घरात न ठेवता गावात नेलं. मार्सियानानं एकेकीला निरोप धाडला, आणि निरोपाच्या मागोमाग सासू तिच्या दारात. एकीला म्हणाली, तुझ्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलंय ना, त्या नावाला हात लावशील तर बघ. दुसरीला तिच्या नवऱ्याची दारू आठवण करून दिली. दहाव्या दिवसापर्यंत सात जणींना कंबर दुखायला लागली होती, कॉफी तोडायला जायचं होतं, माहेरी कुणी आजारी होतं.

"आता कोण उरलं?" मार्सियानानं विचारलं.

रुतिला पोरीच्या बेंबीवरची पट्टी बदलत होती. "तुझ्या सासूच्या जिभेला न भिणारी गावात एकच आहे."

नाव घ्यायची गरज नव्हती. आन्सेल्मा. एकोणीस वर्षांपूर्वी नातिविदादच्या मेलेल्या नवऱ्याच्या नवव्या दिवसाच्या जेवणाला आन्सेल्मानं मोलेच्या रश्श्यात बोट बुडवून बघितलं आणि भरल्या पंगतीत म्हणाली, पातळ झालाय. तेव्हापासून दोघी झऱ्यावर एका वेळी पाणी भरत नव्हत्या, चर्चमध्ये एका बाजूला बसत नव्हत्या.

"नीट विचार कर," रुतिला म्हणाली. "न्हाणं झालं की थोरल्या बाईनं धर्माच्या आईचे हात धुवायचे असतात. न धुतल्या हातांनी ती फाटकाबाहेर पडली, तर पोर तिच्या घरची. आणि तुझी सासू आन्सेल्माचे हात धुवील असं मला तरी वाटत नाही."

मार्सियाना दिवसभर छताच्या वाशांकडे बघत पडली. पोर पाजून झोपवली, पुन्हा पाजली. उन्हं उतरली तेव्हा म्हणाली, "सांगा त्यांना."

बाराव्या दिवशी अंगण भरलं. ज्या सात जणींच्या कंबरा दुखत होत्या त्या सगळ्या बघायला मात्र आल्या होत्या. रुतिलानं कोमट पाण्यात झेंडूच्या पाकळ्या टाकून पोरीला न्हाऊ घातलं आणि चटईवर ठेवलं. पोर उघडी, ओली, हातपाय झाडत. नातिविदाद चुलीपाशी हाताची घडी घालून उभी. कुणी येणार नाही याची तिला खात्री होती. मग सांगता येईल की बघा, ह्या नावाला कुणी शिवत नाही. आणि एदुविखेस हे नाव घेऊन तिची चुलत बहीण कोपऱ्यात तयारच बसली होती.

तेवढ्यात आन्सेल्मा फाटकातून आत आली. हातात नवं झबलं, साबणाची वडी, गळ्यात धुतलेला रुमाल. कुणाकडे न बघता ती सरळ चटईपाशी गेली, खाली बसली आणि पोरीला उचलून झबल्यात गुंडाळलं. सगळं इतक्या झटपट झालं की कुणाला खोकायलाही फुरसत मिळाली नाही.

मग हात धुवायची वेळ आली. घंगाळ ठेवलेलं होतं. नातिविदाद हलली नाही.

"ह्या बाईचे हात मी धुणार नाही," ती म्हणाली. आणि बारा दिवसांत पहिल्यांदा सुनेकडे वळली. "आणि माझ्या लेकाच्या पुढच्या पोराला दार लावणारं नाव ह्या घरात येणार नाही."

मार्सियाना कुडाला धरून उभी राहिली.

"नोनान," ती म्हणाली. त्या डोंगरावर सुना सासूला माझी आई अशीच हाक मारतात, मनात काही का असेना. "नावानं दार लागत नसतं. ते आधीच लागलंय. रुतिलांना विचारा. ही एकच आहे, पुढं कुणी नाही."

लाकडं फोडणाऱ्या माकारिओची कुऱ्हाड थांबली. रुतिलानं मान डोलावली, एकदाच. सात जणी एकमेकींकडे न बघता जमिनीकडे बघू लागल्या.

नातिविदादचा आवाज खाली आला, आणि खाली आला तेव्हा तो जास्त भयंकर होता. "मग तुझं ह्या घरात काम काय?"

"हिला घरात ठेवलीय की नाही, ते मी दर रविवारी येऊन विचारत जाईन," आन्सेल्मा म्हणाली. "आज मात्र मला उशीर होतोय. हात धुवायचे नसतील तर तसं सांगा, मी निघते."

आणि ती पोरीला घेऊन फाटकाकडे चालू लागली.

मार्सियानाच्या छातीतलं दूध भरून आलं आणि झंपराच्या पुढच्या भरतकामावर उतरलं. तिनं बोलावलेली बाई तिचीच लेक घेऊन चालली होती, आणि रीतीनं तिला अडवायचा हक्क मार्सियानाला नव्हता. हक्क एकीलाच होता, आणि ती चुलीपाशी दगडासारखी उभी होती. तीन केळीखाली गेले. चौथी फाटकातून. आन्सेल्मा सावकाश चालत होती. बाराएक पावलांचं ते अंगण. सहा पावलं झाली. आठ झाली. झबल्याबाहेर एक चिमणी टाच दिसत होती.

"थांब," नातिविदाद म्हणाली.

नको असलेली का होईना, पण नात. ती आन्सेल्माच्या चुलीशी वाढणार आणि आन्सेल्मा तिला कडेवर घेऊन रोज ह्या फाटकावरून मिरवणार. हे तिच्यानं सोसलं नसतं. तिनं घंगाळ उचललं, अंगणाच्या मधोमध आणून आदळलं. अर्धं पाणी सांडलं.

"आण इकडे ते हात."

पोर रुतिलाकडे गेली. नातिविदादनं घायपाताच्या काथ्यानं आन्सेल्माचे हात घासले. साबण लावून घासले, बोटांच्या बेचक्यांत घासले, एकोणीस वर्षं घासली. आन्सेल्माचे पंजे लाल झाले, तरी तिनं ते मागं घेतले नाहीत.

"घरात काय आणलंस?" नातिविदादनं विचारलं. ते विचारावंच लागतं.

"सेन्तेवा."

आता थोरल्या बाईनं ते नाव चुलीला सांगायचं. नातिविदाद चुलीपाशी गेली. फुंकणीनं निखारे फुलवले. मग दातांतून काटा काढावा तसं तिनं नाव काढलं. सेन्तेवा. पहिल्या वेळी कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून रुतिलानं दुसऱ्यांदा म्हणायला लावलं.

जेवणं झाली. आन्सेल्माच्या पानात मोले असा घट्ट पडला की त्यात उभी केलेली टर्कीची तंगडी पडेना. तिनं चाखला.

"घट्ट झालाय, कोमाद्रे."

"आमचा घट्टच असतो, कोमाद्रे," नातिविदाद म्हणाली. दोघींनी एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं नाही.

सोमवारी माकारिओ टोपी घालून तालुक्याला निघाला. बायकोशी तो काही बोलला नव्हता. दारात थबकून फक्त नाव कसं लिहायचं ते त्यानं विचारून घेतलं, आणि कागद खिशात न ठेवता हातात धरून गेला. तो काय मनात घेऊन परत येईल ते मार्सियानाला ठाऊक नव्हतं. ती तीन मेणबत्त्या शोधत होती. महिना सरत आला होता.

टर्की मोलेत गेलेली, तेव्हा कुडापलीकडे सासूला बोलायला चूलच उरली होती.

"ऐकलंस ना," ती चुलीला म्हणत होती. "दुसरी नाही यायची म्हणे. तर हिच्याकडे धूर सोडू नकोस. रविवारी ती बया येईल, पोरीचे डोळे तपासायला."