तळव्यावर टिचकी

मोठ्या सिस्टरांनी काचपेटीच्या गोल झरोक्यातून हात आत घातला आणि बाळाच्या तळव्यावर हलकेच टिचकी मारली. बाळ श्वास घ्यायचं विसरलं होतं. टिचकीसरशी त्याने पाय आखडला, काडीएवढ्या बरगड्या आत ओढल्या गेल्या आणि छाती पुन्हा हलू लागली. श्वास थांबल्याचा इशारा देणारं यंत्र त्यानंतर वाजलं.

"तुम्ही असल्यावर आमच्या नोकऱ्या जाणार बघा," तरुण नर्स म्हणाली.

मोठ्या सिस्टर किंचित हसल्या. याच प्रसूतिगृहात त्या मुख्य परिचारिका होत्या. निवृत्त झाल्या तरी नाव सुटलं नव्हतं. घरी नवराही त्यांना मोठ्या सिस्टरच म्हणे, आधी थट्टेने, पुढे सवयीने. आता नातू त्यांच्याच जुन्या वॉर्डात नाकात नळी घेऊन पडला होता. नळीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं होतं. पाण्यात बुडबुडे येत होते तोवर फुप्फुसांत हवेचा दाब टिकून होता.

चाकाच्या खुर्चीत बसलेली सून त्या बाटलीकडेच बघत होती.

फेरीवर आलेल्या डॉक्टरबाईंनी तिला सगळं पुन्हा समजावलं. दिवस भरायच्या आत आलेल्या बाळाच्या फुप्फुसांत एक निसरडा थर पुरेसा तयार झालेला नसतो, त्यामुळे प्रत्येक श्वासानंतर ती ओल्या पिशवीसारखी आतून चिकटतात. त्या थराचं काम करणारं औषध नळीने आत सोडलं आहे. जन्माआधी आईला इंजेक्शन मिळालं असतं, तर फुप्फुसं बरीच तयार झाली असती, पण त्याला निदान दिवसभराचा अवधी लागतो. मग त्या मोठ्या सिस्टरांकडे वळल्या.

"सिस्टर, तुम्ही घरात असताना इंजेक्शन कसं राहिलं?"

डॉक्टरबाई पहिलं बाळंतपण करायला मोठ्या सिस्टरांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. प्रश्नात आरोप नव्हता, नवल होतं.

मोठ्या सिस्टरांनी काचेवर नसलेला डाग रुमालाने पुसला.

"तिने सांगितलंच नाही हो. पहिलटकरीण आहे. कळ कुठली, गॅस कुठला, तिला काय कळणार?"

सुनेने मान वळवली नाही. बाळ होण्याच्या आदल्या सकाळी ती ओट्याला धरून उभी होती. मोठ्या सिस्टरांनी तिच्या पोटावर हात ठेवला, घड्याळ पाहिलं आणि या खोट्या कळा आहेत असं सांगितलं. उगाच धावत गेलो तर वॉर्डातल्या पोरी पाठीमागे हसतील, हेही सांगितलं. दुपारी तिने पुन्हा दुखत असल्याचं म्हटलं. नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली, आईकडे पाहिलं आणि किल्ली परत खिळ्याला अडकवली.

आत्ताही तो दाराशीच उभा होता. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

पुढच्या काही आठवड्यांत आधी बाटली गेली, मग नळी. बाळ दूध ओढू लागलं. ओठांचा रंग कसा बघायचा, छातीवर नजर कशी ठेवायची, टिचकी किती जोरात मारायची, हे सगळं सून तरुण नर्सकडून शिकली. मी दाखवते ना, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या की ती म्हणे, नको आई, तुम्ही दमाल.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी बजावलं, की आता धोका फारसा नसला तरी अजून काही दिवस श्वासावर नजर ठेवा.

"पण तुम्हाला कसली काळजी? घरातच मोठ्या सिस्टर आहेत."

सगळे हसले. मोठ्या सिस्टरांनी घरून आणलेलं मऊ दुपटं हातांवर पसरून पुढे धरलं.

सुनेने बाळ वॉर्डातल्याच कापडात गुंडाळून खांद्याशी लावलं.

"मी माझ्या आईकडे जातेय."

"अगं, तुझ्या आईला यातलं काय कळतं?"

"काहीच नाही. म्हणून तर. मी दुखतंय म्हटलं की ती आधी पायात चप्पल घालते."

डॉक्टरबाईंनी मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. नवऱ्याने खिशातून किल्ली काढली आणि कोणाकडेही न बघता तो पुढे झाला.

मोठ्या सिस्टर दुपट्याची घडी घालू लागल्या, वॉर्डाच्या शिस्तीने, चारही कोपरे जुळवून.