मी वेळेवर बिघडलो नाही

मित्रांनो, लंडनच्या इल्फर्ड भागातल्या एका घराच्या मागे, कुंपणाला टेकून ठेवलेला पांढरा पत्र्याचा डबा म्हणजे मी. मी एक जुना गॅस बॉयलर आहे. मंगळवारी भंगारवाला येईल, त्याआधी मनातलं सांगून टाकतो.

एकतीस वर्षं मी झकेरियासाहेबांचं घर तापवलं. साहेब मूळचे मुंबईचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. दर वर्षी मेकॅनिककडून माझी तपासणी करून घ्यायचे, स्वतःच्या हातानं मला पुसायचे. "काय गडी आहे!" म्हणत माझ्या पत्र्यावर थाप मारायचे, आणि मी असा काही फुलून जायचो!

पण माझ्यात एक खोड होती. जोराचा वारा सुटला की माझी ज्योत विझायची. एरवी साहेब बटण दाबून पेटवायचे, पण शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत, धर्मानं विस्तव पेटवायचा नाही. मग शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत घर गारठलेलं. त्यांच्या पत्नी सिप्पोराबाई मरून रंगाची शाल गुंडाळून खिडकीशी बसायच्या. संधिवातानं बोटं आखडायची. पुढे पुढे तर त्यांना प्रार्थनेच्या पुस्तकाचं पानही उलटता येईना.

त्यांची मुलगी तमार ब्रिस्टलला इंजिनियर. तिनं हीट पंपाचं काढलं. बागेत खोल भोक पाडायचं आणि जमिनीतली ऊब घरात आणायची. तो विजेवर रात्रंदिवस मंद चालतो, वाऱ्यानं विझायचा प्रश्नच नाही. माझ्यासारखा जुना बॉयलर काढला तर सरकार अनुदान देतं, वर व्हॅटही माफ. अर्ज झाला. साहेबांनी एका ईमेलला होकार द्यायचा, एवढंच उरलं.

"पप्पा, फक्त क्लिक करायचं. बाकी सगळं इन्स्टॉलर करतो," तमार फोनवर म्हणाली.

"चांगला चालता बॉयलर काढून सरकारकडे हात पसरू? आयुष्यात मी फुकटचं खाल्लं नाही."

"अहो, फुकटचं कसलं? आपणच टॅक्स भरलाय ना?" सिप्पोराबाई म्हणाल्या. "मला एक शनिवार ऊब हवी, बाकी काही नको."

"तो बिघडू दे, लगेच बदलू. शब्द देतो."

होकाराची मुदत टळून गेली. आणि मित्रांनो, मी बिघडलोच नाही! एखादी नळी फुटू दिली असती तर काय गेलं असतं माझं? पण मला ती थाप हवी होती. शनिवारी तारे दिसले की मी पहिल्या झटक्यात पेटायचो. साहेब म्हणायचे, "बघ, आहे की नाही ठणठणीत?" बाई शाल आणखी घट्ट ओढून घ्यायच्या.

फेब्रुवारीत बाई गेल्या. थंडीनं गेल्या असं डॉक्टर म्हणाले नाहीत. शोकाचे सात दिवस संपले आणि साहेबांनीच तमारला फोन लावला. "पुन्हा अर्ज कर. क्लिक कुठे करायचं ते सांग."

पंप बसला आणि मी इथे कुंपणाशी आलो. काल शनिवार होता, वारा नुसता घोंघावत होता. खिडकीतून मला आतलं दिसत होतं. घरात इतकी ऊब की साहेबांनी स्वेटरही घातला नव्हता. बाईंच्या खुर्चीत ते बसले होते आणि मांडीवर ती मरून रंगाची शाल होती. थोड्या वेळानं ते बाहेर आले. सवयीनं माझ्यावर हात उचलला, आणि थाप न मारताच आत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. पण आमच्यासाठी घरातल्या माणसाला गारठत ठेवू नका. आम्हाला खुशाल काढा, आम्ही रागावत नाही. बाईंना एक शनिवार हवा होता, एकच, आणि तो माझ्या ठणठणीतपणानं खाल्ला.