आठ मिनिटांचा चोर

मी टायमर बोलून राहिलो. हातावरचा नाही, भिंतीवरचा पण नाही. ऑनलाइन गेममध्ये राक्षसाच्या डोक्यावर आकडे पळताना दिसतात ना, तो मी. आठ मिनिटं, शून्य सेकंद. तेवढ्यात चौघांनी मिळून राक्षस मारला तर ठीक. नाही मेला तर मी शून्यावर जातो, तो एक डरकाळी फोडतो आणि चौघंही आडवे. मग शिव्या कोणाला? राक्षसाला नाही. मला.

माझा जन्म कंपनीच्या हापिसातला. पहिले मी नव्हतोच. एक जण राक्षसाला कुरतडत बसायचा, बाकीचे जेवून, अंघोळ करून यायचे. दोन-दोन तास चालायचं ते. शेवटी हापिसातल्या इरावती मॅडम वैतागून म्हणाल्या, "ह्यांच्या मानगुटीवर कोणीतरी बसवा रे." बसवलं मला. आधी दहा मिनिटांचा होतो, मग कापून आठचा केला. मला कोणी विचारलं पण नाही.

तेव्हापासून जो तो माझ्यावर शक घेतो. म्हणे हा फास्ट पळतो. म्हणे हा माणूस बघून पळतो. शेवटचे दहा सेकंद मी लाल होऊन टणटण करतो, ते मात्र मुद्दाम. तेवढी मस्ती माझी. दिवसभर लोळणारी माणसं त्या दहा सेकंदांत देवाला हाका मारतात. मजा येते, खोटं काहून बोलू?

हजारो टोळ्या आल्या न् गेल्या. पण जबलपूरची एक डोक्यात बसली. हे लोक माईक चालू ठेवतात, म्हणून मला त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येतं, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

कप्तान गौरांग. अकरावीत आहे, जबलपुरातल्याच गोरखपूर बाजाराच्या मागे राहतो. त्याचा दोस्त अनिमेष, खेळताना सतत काहीतरी चावत असतो. तिसरे गौरांगचे आजोबा, मुरलीधर आबा. गडी मिळेना म्हणून नातवानं त्यांनाच बसवलं. तोफांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं चेकिंगला होते. सुताएवढा फरक दिसला की मालावर लाल शिक्का! इथे ते मलमपट्टी करतात, कोणी पडलं की उठवतात. आणि चौथी अवंती. बापाची बँकेत बदली झाली म्हणून पुण्याहून नवीन आलेली.

राक्षस पांढऱ्या दगडाचा. नाव इंग्रजीत लंबंचौडं, तर ही पोट्टी त्याला जबलपूरजवळच्या संगमरवरी कड्यांवरून भेडाघाट म्हणतात.

तीन आठवडे भेडाघाट मरता मरता वाचून राहिला होता. त्याचा जीव केसाएवढा उरायचा आणि मी शून्य. पहिले शक नेटवर गेला. मग अनिमेषच्या चिवड्यावर. मग अर्थात माझ्यावर. मग गौरांगच्या डोक्यात किडा वळवळला. अवंती पहिले पुण्याच्या एका टोळीत होती, आणि ती टोळी नंबरात ह्यांच्या वर आहे. मतलब, हेर!

रविवारी पाच वाजता कंपनी भेडाघाटला गेममधून कायमचा काढणार होती. दुपारी तीनला हे चौघं आले.

लढाईच्या आधी ह्यांचा एक कायदा आहे. आबा म्हणतात, कारखान्यात नवीन मशीन नारळ फोडल्याशिवाय कधी चालू केली नाही. तर ते आपल्या काठीनं भेडाघाटच्या पायावर एक टिचकी मारतात. तो नारळ. त्या काठीनं त्याला खरचटतही नाही. मग चौघंही डोळे मिटून, हात जोडून तीनदा "गणपती बाप्पा मोरया". मग आबा म्हणतात, "चला, पाळी सुरू." मग मारामारी.

त्या दिवशी पण तसंच केलं. आणि पुन्हा तेच. केसाएवढा जीव, मी शून्य, सगळे आडवे.

"बस झालं," गौरांग म्हणाला. "मझौलीचा एक भैया आहे, त्याला घेतो. अवंती, तू हट."

"काय केलं मी?"

"तूच सांग. आम्ही जीव तोडून मारून राहिलो, तरी दरवेळी थोडक्यात जातं. काहून?"

"सगळ्यात जास्त मार माझा आहे. आकडे बघ ना!"

"हेर असेच असतात बे," अनिमेष चावता चावता म्हणाला. "बराबर दिखावा करतात."

अवंती हळू म्हणाली, "काढा. पण एक सांगते, ह्या गावात मी फक्त तुम्हा तिघांशी बोलते. कॉलेजात अजून कोणी ओळखत पण नाही."

कुकर तेवढा वाजला.

"थांबा रे पोट्टेहो," आबा म्हणाले. "तपासल्याशिवाय शिक्का मारायचा नसतो. पोरीवर तर नाहीच. मला तर हा वरचा टायमरच चोर वाटून राहिला. माझं चावीचं घड्याळ लावून बघतो ह्याला."

कर्र कर्र चावी फिरली. मी सच्चा आहे, पण चेकिंग म्हटलं की सच्चा पण घाबरतो.

दुसरी लढाई. आबांनी काठीची टिचकी मारली. टिचकी लागली न् मी पळालो. सात एकोणसाठ. सात अठ्ठावन्न.

"गणपती बाप्पा..."

"मोरया!" ह्या वेळी आवाज तीनच आले. आबांचा नाही. त्यांनी मला तपासायला डोळे उघडे ठेवले होते. माईकवर फक्त त्यांचं एक बारीक "अरे" ऐकू आलं.

पोरं मारायला लागली तेव्हा मी सात एकोणपन्नासवर होतो. अकरा सेकंद मोरयात गेले होते. हे आबांनी पाहिलं होतं. मला शक आला. म्हातारा आता काय करतो? टायमर फास्ट आहे म्हणाला, तर विषय संपला. कोण बघायला येतं?

पुन्हा शून्य. पुन्हा आडवे.

"आबा, चोर आहे ना हा?" गौरांगनं विचारलं.

माईकवर घड्याळ खाली ठेवल्याचा आवाज आला.

"टायमर बरोबर आहे," आबा म्हणाले. "एका सेकंदाचा फरक नाही. चोर मी आहे. मी नारळ फोडला की हा सुरू होतो, आणि आपण डोळे मिटून बसतो. तीन आठवडे खराब माल मीच काढून राहिलो. लावा मला शिक्का."

अनिमेषला ठसका लागला. "आबाजी! अकरा सेकंदांचा नारळ?"

गौरांग पुटपुटला, "अवंती... सॉरी यार."

"काहून?" अवंती म्हणाली. इथला हा शब्द पुण्याच्या पोरीच्या तोंडून पहिल्यांदाच आला. सगळे फिस्सकन हसले, मग ती पण.

"पण नारळाशिवाय मी सुरू करणार नाही," आबा म्हणाले आणि उठले. मग ओट्यावर खाडकन आवाज झाला.

"अहो! चतुर्थीचा नारळ होता तो!" हेमलता आजी ओरडल्या.

"कामालाच आला गं! गणपती बाप्पा..."

मोरया तीनदा झालं, आधीच, मी आरामात आठवर बसलेला असताना. मग पाळी सुरू. शेवटी मी लाल झालो, टणटण केलं, सवयच आहे. दहा. नऊ. अवंतीची तलवार, अनिमेषचा बाण. सहा. पाच.

भेडाघाट कोसळला.

मी चारवर थांबलो. ह्या टोळीकडे मला दरवेळी शून्यापर्यंत जावं लागलं होतं. थांबणं कसं असतं, ते त्यांच्याकडे त्या दिवशी कळलं. माईकवर चौघं एकदम ओरडत होते, आणि आजी विचारत होत्या, "आता ह्या नारळाची चटणी करू का काय?"

आता मी दुसऱ्या राक्षसाच्या डोक्यावर आहे. अजून कापून सातचा केला मला. नवीन लोक येतात, नवीन शक घेतात. घ्या बापा. पण एक अर्ज आहे. सगळे मला शेवटी बघतात, घामाघूम होऊन. कधी सुरवातीला पण बघत जा.

आणि त्या दिवशीचे चार सेकंद कोणी परत मागितले नाहीत. मी पण दिले नाहीत. चोर म्हणायचंच असेल, तर आता म्हणा.