डाव्या बाजूचा हिरवा दिवा

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. सकाळी धुकं, साडेआठला विरलं. नंतर कोवळं ऊन, वारा नाही, चौदा अंश.

मी कानपूर रोडवरचा जलद चार्जर बोलतोय. लखनौहून अमौसी विमानतळाकडे जाताना, सात किलोमीटर अलीकडे, एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात उभा असतो. येणाऱ्या प्रत्येक विजेच्या गाडीची वेळ, युनिट आणि टक्के मी टिपून ठेवतो. चार वर्षांत एकही नोंद चुकलेली नाही. आजची करताना मात्र लाज वाटते आहे.

माझा जन्म चाकणचा. तिथे शेवटची तपासणी वसुधाताईंनी केली. माझ्या दोन जाड केबल आहेत; त्यांच्या टोकाच्या मुठीला सगळे गन म्हणतात. ताईंनी दोन्ही गन वीस-वीस वेळा गाडीला लावून काढल्या. ट्रकवर चढवताना पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा. लोकांना ताटकळत ठेवू नकोस."

चार्जिंग संपलं, हे गाडीला कळवायचं काम माझं. मी कळवलं की गाडी आपलं कुलूप सोडते आणि गन निघते. गेल्या डिसेंबरपासून माझ्या डाव्या गनमधून हा निरोप जाईनासा झाला. दोन गाड्या अडकल्या. मग पंपावरच्यांनी कागद चिकटवला, 'बाईं गन ख़राब है', म्हणजे डावी गन बिघडली आहे. वाईट वाटलं, पण ते खरं होतं.

३ फेब्रुवारीला मोठे साहेब पाहणीला येणार होते. देखभाल बघणारे अनुपजी सकाळीच हजर.

"साहब आके यही पढ़ेंगे क्या? हटाओ. बाद में लगा देना."

कागद निघाला, डाव्या गनवरचा दिवा हिरवा केला. साहेबांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. कागद पुन्हा कोणी लावला नाही. आठ दिवस मी तो दिवा मिरवला.

आज ९.३५ ला एक पांढरी गाडी आली. चालवत होते आत्माराम, केंद्र सरकारच्या नोकरीत बत्तीस वर्षं काढलेले, खिशाला पेन. शेजारी मुलगी देविका. संध्याकाळी पाचला तिची पुण्यात नोकरीची मुलाखत होती. विमान ११.४० चं, पण सामान घेणारं काउंटर १०.४० ला बंद होणार. क्वार्टरमध्ये लाईट गेल्यामुळे गाडीत फक्त अकरा टक्के उरले होते. माझ्या उजव्या गनला सोनूची टॅक्सी लावलेली होती. डावीकडे हिरवा दिवा.

"बाबा, ग्यारह में पहुँच जाएँगे. चलिए ना."

"आणि येताना काय ढकलत आणू? हिरवा दिवा आहे बघ. वीस मिनिटांचं काम."

किती दिवसांनी मराठी ऐकली! आनंदाने वीज दिली. ९.५५ ला पडद्यावर 'पूर्ण' लिहिलं. गाडीला मात्र कळवू शकलो नाही.

आत्मारामांनी गन ओढली. हलवली. गाडीचं कुलूप पाच वेळा उघडून पाहिलं. मग माझ्या अंगावरच्या नंबरावर फोन लावला.

"बाबा, कैब बुला लूँ?"

"थांब. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही. उद्या म्हणतील, तुम्हीच तोडलीत."

फोनवर गाणं वाजत राहिलं. देविका घड्याळ बघत होती आणि ते डायरी उघडून, पेन धरून उभे होते.

१०.१२ ला सोनू चहा पिऊन परतला.

"अरे अंकल! बाईं वाली काहे लगा दिए? इसको तो हम लोग छूते भी नहीं."

"बत्ती हरी थी, भैया."

"इसकी बत्ती पे मत जाइए. ये सबको देखके मुस्कुराती है."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

"चलिए, बिटिया को हम छोड़ देते हैं," सोनू म्हणाला.

"दो मिनट. बस नंबर लिख लूँ."

"बाबा, प्लीज़!"

तिला एकटीला अनोळखी गाडीत पाठवायलाही त्यांचं मन घेईना. क्रमांक १०.२४ ला आला. त्यांनी तो लिहिला, पुन्हा वाचून दाखवला, पलीकडच्याचं नावही विचारलं. १०.२९ ला तिघं निघाले.

११.५० ला ते परत आले. देविका आपल्या गाडीत बसून आईशी बोलत होती, "मम्मी, चार मिनट. बस चार मिनट. अगली शाम को है, सात बजे की."

आत्माराम माझ्यासमोर आले. आता ते शिव्या देतील, लाथ मारतील, असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. त्यांनी डायरी खिशात घातली आणि काचेतून मुलीला म्हणाले, "चूक माझीच. अकरा टक्के पुरले असते."

माझी लाज तो माणूस स्वतःच्या अंगावर घेत होता, आणि मी त्याच्यासमोर हिरवागार उभा होतो.

माझं एवढंच मागणं आहे. दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर माझ्या छातीवर तो कागद लावा. साहेब आले तरी काढू नका.

पुढे नोंद.

देविका काउंटरवर पोहोचली १०.४४ ला. काउंटर बंद झालं १०.४० ला. इंजिनिअर आला १२.४८ ला. गन निघाली १.०५ ला, दुरुस्ती बाकी. डावा दिवा, १.०६: हिरवा.